युंगाय गाडणारा कडा हुआस्करानच्या उत्तर शिखराचा

‘पेरूच्या सर्वोच्च शिखरावरून कोसळलेल्या हिमकड्याने युंगाय गाडलं,’ असं पेरूतल्या युंगाय गावाबद्दल फिरतंय. पर्वत बरोबर, शिखर चूक. हुआस्करानला दोन माथे आहेत: दक्षिण ६,७६८ मीटर, उत्तर ६,६५४. मध्ये ‘गारगांता’ ही खिंड. सर्वोच्च तो दक्षिण. ३१ मे १९७० च्या भूकंपात सुटला तो उत्तर शिखराचा पश्चिम कडा. १० जानेवारी १९६२ ला रानराहिरका गावावर आलेला बर्फही तिथलाच. तेव्हा मधल्या डोंगरधारेने युंगाय वाचवलं. १९७० मध्ये बर्फ, खडक आणि चिखलाचा लोंढा एवढा प्रचंड होता की तो ती धारही ओलांडून गेला. जुन्या गावात दफनभूमीच्या टेकडीवर चढलेले लोक मात्र वाचले.

आणखी एक: दक्षिण अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर हुआस्करान नव्हे, तो मान अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वाचा.