गॅरंटर फ्रान्समधलाच हवा म्हणे!

६०० युरो भाड्याची खोली हवी असेल तर महिना १८०० युरो कमावणारा गॅरंटर आणा. तो फ्रान्समध्येच राहणारा हवा, त्याच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हव्यात. अहो, नाशिक-नागपूरहून मास्टर्सला निघालेल्या पोराचा तिकडे असा कोण सगासोयरा असणार? वडिलांचे आयटी रिटर्न, एफडीच्या पावत्या, एज्युकेशन लोनचं मंजुरीपत्र, सगळं जोडून पाठवा. एजन्सीवाले ढुंकून बघत नाहीत.

डोकं फिरतं ते यासाठी, की हे चक्क बेकायदा आहे. १९८९ च्या भाडेकायद्याच्या कलम २२-१ मध्ये स्पष्ट लिहिलंय: गॅरंटर फ्रेंच नागरिक नाही किंवा फ्रान्सच्या मुख्य भूमीवर राहत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही. म्हणून तर खरं कारण कुणी लेखी देत नाही. दुसऱ्याची फाइल पसंत पडली म्हणायचं, की विषय संपला.

यावर उपाय म्हणून व्हिझाल ही भाड्याची हमी देणारी योजना आहे. फुकट हमी, १८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांना मिळते, भाडं थकलं तर घरमालकाला पैसे मिळतात. तरी नको! कारण एजन्सीने मालकाला थकीत भाड्याचा खासगी विमा आधीच विकलेला असतो, आणि त्या विम्याच्या अटी पुन्हा फ्रान्समधल्या पगारावर बेतलेल्या. व्हिझालबरोबर दुसरी हमी घेता येत नाही, मग मालक विम्यालाच चिकटून बसतो. व्हिझालचं प्रमाणपत्र करारावर सही होण्याआधी हातात हवं, आणि भाडं त्यांच्या मर्यादेत हवं. सही आधी केलीत तर हमी गेली.

पण व्हिझालला लागतो लाँग स्टे व्हिसा. आणि व्हिसाच्या फाइलला लागतो राहण्याच्या जागेचा पुरावा. घराला व्हिसा, व्हिसाला घर! कुठल्या शहाण्याने हे जुळवलं? क्रूस या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या वसतिगृहांत आधी नंबर लागतो तो सामाजिक निकषांवर स्कॉलरशिप मिळणाऱ्यांचा. उरलेल्या खोल्या जुलैत सगळ्यांना खुल्या होतात, तेव्हा आपली पोरं व्हिसाच्या रांगेत असतात.

याच घाईत भामटे गाठतात. पॅरिसच्या मध्यवस्तीत स्वस्त स्टुडिओ, मालक म्हणे परदेशात, किल्ली कुरिअरने येईल, आधी एक महिन्याचं भाडं पाठवा. एक पैसा पाठवू नका! करारावर सही होण्याआधी जागा राखून ठेवायला पैसे मागणंच बेकायदा आहे. बँक स्टेटमेंट मागणंही बेकायदा: कोणते कागद मागता येतात याची यादी २०१५ च्या सरकारी आदेशात आहे, त्यात ते नाही. फाइल दोसिएफासिल या सरकारी साइटवर बनवा, तिथे कागदांवर वॉटरमार्क पडतो.

खोली मिळाली तरी सुटका नाही. फर्निश्ड खोलीला दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेता येतं, आणि ते परत द्यायची वेळ आली की नळावरचा पांढरा क्षाराचा थर, भिंतीतलं एक खिळ्याचं भोक, गादीवरचा जुनाच डाग, सगळ्याचे पैसे कापतात. म्हणून शिरतानाच्या 'एता दे लिय' या पाहणीपत्रकात प्रत्येक डाग लिहून घ्या. शॉवरची सांधजोड, खिडकीची कडी, गादीची खालची बाजू, सगळ्याचे फोटो काढा. काही सुटलं तर दहा दिवसांच्या आत दुरुस्ती मागता येते.

घर सोडताना खोली तशीच असेल तर एका महिन्यात डिपॉझिट परत करावं लागतं, फरक निघाला तर दोन महिन्यांत. उशीर झाला तर दर महिन्याला भाड्याच्या १० टक्के दंड. पण मालकाला पक्कं ठाऊक असतं की पोरगं परत भारतात गेलंय, कोर्टात येणार नाही. त्याच्या या भरवशाचीच चीड येते! फ्रेंच बँक खातं डिपॉझिट येईपर्यंत बंद करू नका, नवा पत्ता मालकाला लेखी द्या. कापलेल्या प्रत्येक युरोचं बिल किंवा कोटेशन मागा. दाद न दिली तर पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र टाका, आणि त्या जिल्ह्याच्या 'आदिल' केंद्राला विचारा. तिथला कायदेशीर सल्ला फुकट असतो.