सोलो पुढे ढकलणाऱ्यांनो

आज लोणावळ्याला जाताना मित्राने गाडीत डीसाइड ह्या डेथ मेटल बँडचा 'द स्टेंच ऑफ रिडेम्प्शन' हा अल्बम लावला, मी खूश, आणि गिटार सोलो सुरू झाला तसा ह्या माणसाने तो सरळ पुढे ढकलला. वर म्हणतो, "हॉफमन बंधू गेले तिथेच डीसाइड संपला, हे काय गोड गोड वाजवतोय." एक्सप्रेसवे होता म्हणून, नाहीतर तिथेच उतरलो असतो.

गोड म्हणे! 2004 ला एरिक आणि ब्रायन हॉफमन, दोघे गिटारिस्ट भाऊ, पैशांच्या भांडणातून बाहेर पडले, मागे उरले गायक ग्लेन बेंटन आणि ड्रमर स्टीव्ह ॲशहाइम. त्यांनी गिटारवर कॅनिबल कॉर्प्स बँडचा जॅक ओवेन घेतला, आइस्ड अर्थ बँडमधून आलेला राल्फ सँटोला घेतला आणि 2006 ला हा अल्बम काढला. म्युझिक बहुतेक सगळं ॲशहाइमचं, म्हणजे पहिल्यापासून ड्रम्सवर बसलेल्या माणसाचं. मग हा डीसाइड नाही तर काय लग्नातला ऑर्केस्ट्रा आहे का?

डीसाइडच्या जुन्या 'लीजन' अल्बममधला तो अंगावर येणारा गोंधळ, दोन भावांचे एकमेकांवर आदळणारे सोलो, ते परत आलं नाही. मान्य. पुढे.

मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. कॉलेजात आमचा बँड होता, ड्रम्सवर मी. गिटारिस्ट एमएस करायला अमेरिकेला गेला आणि त्याच्या जागी पंढरपूरकडचा एक पोरगा आला, गळ्यात तुळशीची माळ, घरात वारी. वाजवायचा मात्र असा की प्रॅक्टिस रूममध्ये बाकीचे ॲम्पचा आवाज कमी करायला विसरायचे. पण नाही! "त्याच्यासारखं वाजव", "माळ काढ आधी, आपण डेथ मेटल वाजवतोय, कीर्तन नाही." त्याने माळ काढली नाही, आणि सोलोही स्वतःचेच वाजवले.

आता सँटोला बघा. तो कॅथलिक होता, उघड सांगायचा. आणि वाजवत कुठे होता, तर कपाळावर उलटा क्रॉस डागून घेतलेल्या बेंटनच्या शेजारी! बेंटनला चाललं हो. चाललं नाही ते फॅन लोकांना. पुढे ओबिच्युअरी बँडमध्ये गिटारिस्ट ॲलन वेस्टच्या जागी वाजवला तेव्हाही तेच, फार मेलडिक, फार चकचकीत. अरे, त्या सगळ्या राड्याच्या मधोमध एक माणूस शांतपणे गातोय गिटारवर, त्यानेच तर मागचे रिफ जास्त काळे वाटतात. ह्याच अल्बममधल्या 'होमेज फॉर सेटन'चा सोलो हेडफोन लावून ऐका एकदा, आणि मग सांगा हेवी नाही म्हणून.

2018 ला गेला तो. 51 वर्षांचा होता. तेव्हा "लेजंड, लेजंड" करत पोस्टी टाकणाऱ्यांत आजचा हा ड्रायव्हरही होता, मला चांगलं आठवतंय. जिवंत होता तोपर्यंत गोड, मेल्यावर लेजंड, वा.

आमचा तो पोरगा गॅदरिंगच्या आधीच बँड सोडून गेला. आम्ही दुसरा आणला, त्याने जुन्यासारखं हुबेहूब वाजवलं, सगळे खूश, मला एकही सोलो आठवत नाही त्यातला. माळवाल्याचा एक मात्र अजून तोंडपाठ आहे, बाइकवर गुणगुणतो.

असो. आवाज चढला माझा जरा. परतीच्या प्रवासात फोन माझा लागणार आहे गाडीला, पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत, आणि पुढे ढकलायच्या बटणाला कोणी हात लावला तर टोल त्याने भरायचा.