क्रॉफर्ड लाँगचा शोध कोणी चोरला बिरला नव्हता

मार्च संपत आला की तो मेसेज फिरायला लागतोच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका खेड्यातल्या गरीब डॉक्टरने, क्रॉफर्ड लाँगने, जगात सगळ्यात पहिल्यांदा भूल देऊन ऑपरेशन केलं, बोस्टनच्या एका डेंटिस्टने त्याचा शोध चोरून पेटंट घेतलं, मोठमोठ्या डॉक्टरांनी लाँगचं तोंड दाबलं, तो बिचारा कंगाल अवस्थेत मेला, कुणी ओळखतही नव्हतं, आणि त्याच्या आठवणीत आज जगभर डॉक्टर दिन असतो. खाली हात जोडलेले चारपाच इमोजी.

लाँग हा माणूस मला मनापासून आवडतो, म्हणून तर हे वाचून जास्त चिडचिड होते. कारण खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे, आणि त्यात व्हिलन शोधायला गेलात तर पंचाईत होते.

आधी जे खरंय ते. ३० मार्च १८४२, गाव जेफरसन, रेल्वेपासून लांब. तिथल्या तरुण पोरांना लाफिंग गॅसची मजा करायची होती, लाँगकडे तो बनवायची सोय नव्हती, तर तो म्हणाला ईथर (हुंगलं की नशा आणणारं एक द्रव रसायन) घ्या, त्यानेही तसंच होतं. पोरं ईथर हुंगून धिंगाणा घालायची, लाँग स्वतःही त्यात असायचा, आणि नंतर त्याच्या लक्षात आलं की अंगावर खरचटल्याच्या, आपटल्याच्या खुणा आहेत पण कधी लागलं तेच कोणाला आठवत नाहीये. आता हे बघितलं शेकडो लोकांनी असणार, पण याने त्याचा पुढचा विचार केला. जेम्स व्हेनेबल नावाच्या त्याच्या ओळखीच्या पोराच्या मानेवर मागे दोन गाठी होत्या, कापायच्या भीतीने तो टाळत होता. लाँगने टॉवेलवर ईथर ओतून त्याच्या नाकाशी धरला आणि एक गाठ काढली. पोराला पटेना की झालं म्हणून, शेवटी कापलेली गाठ हातात दाखवल्यावर पटलं. खातेवहीत नोंद आहे, ईथर आणि गाठ काढणे मिळून २ डॉलर. दुसरी गाठ जूनमध्ये काढली.

आता मेसेजकडे. 'गरीब' हे कुठून आलं देव जाणे. बाप व्यापारी आणि जमीनदार, मुलगा पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतून १८३९ ला एमडी झालेला, वर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांमध्ये दीडेक वर्ष काढलेलं. खेड्यात प्रॅक्टिस केली म्हणजे खेडवळ आणि गरीब, असं गणित आपल्याकडेच जास्त चालतं.

'जगात सगळ्यात पहिला' हेही जरा जपून. जपानमध्ये हानाओका सेइशूने १८०४ मध्ये एका साठीच्या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तिला पूर्ण बेशुद्ध करून केलं होतं, त्याच्या काढ्यात मुख्य काय तर धोत्र्याच्या जातीची वनस्पती आणि बचनाग. पण जपानची दारं तेव्हा बंद, त्यामुळे बाहेर कोणाला पत्ताच नाही. आणि ईथरचंच म्हणाल तर १८४२ च्या जानेवारीत, म्हणजे लाँगच्याही आधी, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये विल्यम क्लार्क नावाच्या विद्यार्थ्याने ईथर देऊन एका मुलीचा दात काढायला मदत केल्याचं सांगतात. (सुश्रुत कोणीतरी काढेलच. मद्य पाजून कापायचं हे सुश्रुतसंहितेत आहे, मान्य, पण दारू पाजणं आणि हुंगवून बेशुद्ध करणं यात फरक आहे ना राव.) तर लाँगबद्दल नीट बोलायचं तर ईथर हुंगवून सर्जरी करणारा पहिला माहीत असलेला डॉक्टर, एवढं म्हणा. तेही काही कमी नाहीये.

चोरीचा मुद्दा सगळ्यात फुसका. त्या डेंटिस्टने, विल्यम मॉर्टनने, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग केला १६ ऑक्टोबर १८४६ ला, पेटंट नोव्हेंबरमध्ये, आणि लाँगने आपला पेपर छापला कधी, तर डिसेंबर १८४९ मध्ये! जे तोपर्यंत कुठे छापूनच आलं नव्हतं ते हजारदीड हजार किलोमीटरवरच्या डेंटिस्टने चोरलं कसं? मॉर्टन काही संत नव्हता हां, ईथरला 'लेथिऑन' असं फॅन्सी नाव देऊन आत वासाचं काहीतरी मिसळून तो ते लपवत होता. पण त्याने ज्यांच्या जिवावर उड्या मारल्या ते दोघे वेगळेच, त्याचा जुना पार्टनर होरेस वेल्स आणि केमिस्ट चार्ल्स जॅक्सन. लाँगचं नावही त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

मग तोंड कोणी दाबलं? कोणीच नाही. सात वर्षं लाँग स्वतःच गप्प होता आणि का ते त्याने त्याच पेपरमध्ये लिहिलंय. त्याला मोठं ऑपरेशन मिळायची वाट बघायची होती, छोट्या गावात ते येणार कुठून. शिवाय तेव्हा मेस्मेरिझमचं फॅड होतं, हात फिरवून दुखणं घालवतो म्हणणारे भरपूर, त्यामुळे पेशंटला खरंच दुखलं नाही की नुसता मनाचा खेळ, हे त्याला तपासायचं होतं. त्याने एका बाईच्या तीन गाठी काढल्या आणि ईथर फक्त मधल्या गाठीला दिला. आणि १८४५ च्या जानेवारीत एका काळ्या मुलाची दोन बोटं कापली, एक ईथर देऊन, दुसरं तसंच. ईथर दिलेल्या बोटाच्या वेळी मुलाला काहीच कळलं नाही, दुसऱ्याच्या वेळी वेदना झाल्या, अशी लाँगची नोंद आहे.

इथे थांबा जरा. ईथर हाताशी आहे, चालतो हे तीन वर्षं माहीत आहे, आणि तरी दुसरं बोट मुद्दाम भूल न देता कापलं. त्याआधी १८४२ च्या जुलैत आणखी एका मुलाचं पायाचं बोट कापलं होतं, तो अमुक एका बाईंच्या मालकीचा असं लाँग सहज लिहून जातो. जॉर्जियात गुलामगिरी होती, लाँगच्या घरीही गुलाम होते. सायन्स म्हणून बघाल तर तुलना पक्की, पण त्या मुलाला विचारलं कोणी असेल असं मला तरी वाटत नाही. या सगळ्यात कोणावर खरोखर अन्याय झाला असेल तर तो या पोरावर, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. का, तर तो आला की हिरो डागाळतो.

आता 'कंगाल आणि अज्ञात'. सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, त्याला फटका बसला हे खरंय. पण जॉर्जियातल्याच अथेन्स गावात त्याची चालती प्रॅक्टिस होती, भावाबरोबर औषधांचं दुकान होतं. १८५४ मध्ये पहिला आपण असा त्याचा दावा अमेरिकेच्या सिनेटपर्यंत गेला, जॅक्सन स्वतः बोस्टनहून त्याच्या वह्या बघायला आला, आणि १८७७ मध्ये जे. मेरियन सिम्स या तेव्हाच्या नामांकित सर्जनने लाँगच्या बाजूने जाहीर लेख लिहिला. म्हणजे हे सगळं त्याच्या हयातीत. १६ जून १८७८ ला एका घरी बाळंतपण करत असताना त्याला झटका आला आणि तो गेला, वय ६२.

हालच बघायचे तर बाकीच्यांचे बघा. वेल्सने १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात मांडीची नस कापून जीव दिला, कापण्याआधी क्लोरोफॉर्म हुंगून. मॉर्टन काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, एक लाख डॉलर मागत फिरला, ते मिळाले नाहीतच, १८६८ मध्ये गेला. जॅक्सनची शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली.

राहिला डॉक्टर दिन. ३० मार्च हा अमेरिकेचा, जगाचा नाही. १९३३ मध्ये जॉर्जियातल्याच विंडर गावात एका डॉक्टरच्या बायकोने, युडोरा ब्राउन आल्मंडने, तो सुरू केला आणि १९९० मध्ये त्याचा कायदा झाला. आपला १ जुलैला असतो, बिधानचंद्र रॉय यांच्यासाठी. आणि ज्याला म्हणे कुणी ओळखत नव्हतं त्या लाँगचा पुतळा १९२६ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या संसद भवनात, आहे, जॉर्जियाच्या वाट्याला आलेल्या दोन पुतळ्यांपैकी एक. दुसरा त्याच्या कॉलेजातल्या रूममेटचा, अलेक्झांडर स्टीफन्सचा, जो पुढे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेचा उपाध्यक्ष झाला.