कोल्हापुरात क्वीअर-स्नेही समुपदेशकांचा गट हवा, आणि तो आत्ता हवा

आम्ही काही समुपदेशक बरेच दिवस आपापसात बोलत होतो, ते आज जाहीर मांडते. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात एलजीबीटीक्यू (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, म्हणजेच क्वीअर) व्यक्तींसोबत जबाबदारीने काम करणाऱ्या समुपदेशकांचा स्थानिक गट सुरू करतोय. नाव ठरायचंय, घटना लिहायचीय. हा गट कशासाठी, ते मात्र पक्कं आहे.

समुपदेशकाची पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल (कुणाबद्दल आकर्षण वाटतं तो) ‘बदलून देण्याच्या’ प्रयत्नांना मनाई करणारे निर्देश दिले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्यामुळे एखाद्या डॉक्टरने हा प्रकार केला तर तक्रार कुठे करायची ते सांगता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. पण छोट्याशा कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीला लावून बसलेल्या माणसाने ‘सहा महिन्यांत मुलगा नॉर्मल करतो’ म्हणून पैसे घेतले, तर त्याला जाब विचारणारं कोण आहे? ही जागा रिकामी आहे. निदान आपल्या भागात ती आपणच भरायला हवी.

मद्रासच्या त्या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा विषय आपल्याला पुरता कळलेला नाही, हे न्यायमूर्तींनी उघडपणे मान्य केलं आणि निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसोबत सत्र घेतलं. आमच्या व्यवसायातल्या किती जणांनी एवढं केलंय?

‘चांगला समुपदेशक सगळ्यांसाठीच चांगला असतो, वेगळा गट कशाला?’ असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. आईवडील मुलीला घेऊन येतात. फी तेच देतात, बोलतातही तेच. ‘मॅडम, मैत्रिणीचं खूळ डोक्यातून काढा, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत.’ मुलीचा मोबाइल आईच्या पर्समध्ये असतो. अशा वेळी ‘मी तटस्थ आहे’ म्हणणारा समुपदेशक खरं तर घरच्यांच्या बाजूने बसलेला असतो, कारण त्या खोलीत सगळी ताकद एकाच बाजूला असते. तिथे काय बोलायचं, मुलीशी एकटीशी बोलायची वेळ कशी मिळवायची, तिला घरात कोंडलं तर वकील कोण, सखी केंद्रात (अडचणीतल्या महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात) आधी कुणाशी बोलून ठेवायचं, हे पुस्तक वाचून येत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांच्यासोबत बसून शिकावं लागतं.

त्याहून अवघड केस सांगते. ती कुणा एकीची नाही, आमच्यापैकी अनेकांकडे येणारी आहे. लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली बाई येते. नवरा जवळ येत नाही, सासू मूल कधी म्हणून विचारते, माहेरी सांगायची सोय नाही. पुढे कळतं की नवरा गे आहे आणि घरच्यांच्या धाकाने बोहल्यावर उभा राहिला. इथे अन्याय दोघांवरही झालाय. बाईचा राग रास्त आहे आणि नवऱ्याची घुसमटही खरी आहे. दोघांना एकाच समुपदेशकाने बघायचं का? बाईने ते स्वतः शोधलं नसेल, तर तिला कोण सांगणार? गोपनीयतेची रेघ कुठे ओढायची? असे प्रश्न एकट्याने सोडवायचे नसतात. नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत बसून आपलं काम तपासून घेणं, लागतं, आणि आमच्याकडे त्याचाच दुष्काळ आहे.

पुण्या-मुंबईत कामं उभी राहिली आहेत. क्वीअर व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईत १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टने मराठीतून मोठं काम केलंय. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा क्वीअर-स्नेही समुपदेशनाचा अभ्यासक्रम २०१९ पासून चालतो, आणि तो क्वीअर व्यावसायिकांच्या सहभागातून घडलाय. आमच्यातल्या काहींनी तो केला. पण गडहिंग्लजच्या पोराला ‘पुण्याला जा’ म्हणणं म्हणजे त्याला परत पाठवणंच झालं. ऑनलाइन सत्र घ्यायचं तर दार लावून बोलायला घरात स्वतःची खोली कुणाला असते?

आमच्याकडे पै-पाहुण्यांचा पसारा एवढा, की समोर बसलेल्या मुलाची मावशी आपल्याच गल्लीत निघते. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही आधी साध्या गोष्टी ठरवणार आहोत: नोंदवहीत पूर्ण नाव लिहायचं का, रिसेप्शनवरच्या व्यक्तीला काय शिकवायचं, घरच्यांनी फोन करून ‘तो काय बोलला?’ विचारलं तर उत्तर काय द्यायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करता सेवा मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क रिसेप्शनच्या बाकड्यापर्यंत पोचला पाहिजे.

अमेरिकेतले समलिंगी समुपदेशक सत्तरच्या दशकात आपल्या व्यावसायिक संघटनेत एकत्र यायला लागले. त्यांच्या गटाला तिथे स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळायला १९९७ साल उजाडलं. आपल्याला तेवढी वाट बघायची नाही.

गटात क्वीअर आणि ट्रान्स व्यक्ती सल्लागार म्हणून नव्हे, निर्णय घेणाऱ्या म्हणून असतील. जे समुपदेशक स्वतः क्वीअर आहेत, त्यांच्यावर ते उघड करण्याची सक्ती कधीही होणार नाही. सदस्यांची यादी जाहीर करायची असं माझं मत आहे, कारण गरजूला नाव सापडायला हवं. यादीत नाव आलं की लोक ‘हीसुद्धा तसलीच का?’ म्हणतील. म्हणू देत. पण ज्यांना हे झेपणार नाही त्यांचं नाव यादीत टाकायचं नाही, एवढी सोय ठेवू.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी भेटतोय, जागा ठरली की कळवते. शाळा-कॉलेजातले समुपदेशक, समाजकार्यकर्ते, एम.ए.चे विद्यार्थी, सगळ्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. फी नाही. चर्चेत क्लायंटचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही घ्यायचं नाही. लैंगिक कल बदलता येतो असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनीही ऐकायला जरूर यावं, प्रश्न विचारावेत. सदस्यत्व मात्र कल बदलण्याचे प्रयत्न करणार नाही असं लेखी दिल्यावरच मिळेल.