शनिवारची रात्र टाळा
लेखात बुडापेस्टच्या सिम्प्ला कर्ट या जुन्या पडक्या इमारतीतल्या बारला शनिवारी रात्री जा म्हटलंय. माझं मत नेमकं उलट. त्या रेटारेटीत बाथटब कापून केलेले सोफे, अंगणातली जुनी त्राबांत गाडी, भिंतीवरची चित्रं, काहीच धड बघता येत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी, उजेड असतानाच पोहोचा. आधी वरचा मजला फिरा आणि गाणं सुरू व्हायच्या आत खाली जागा धरा. मेट्रो २ ने अस्तोरियाला उतरा, तिथून काझिन्त्सी रस्ता चालत जवळच. कार्ड मशीनवर युरो की फोरिंट (हंगेरीचं चलन) असं विचारलं तर फोरिंटच निवडा, नाहीतर मशीनचा महागडा दर लागतो. रविवारी सकाळी तिथेच शेतकऱ्यांचा बाजार भरतो. इमारत निवांत बघायची तर ती वेळ सोडू नका.