सायकलवर रेडिओ: कानात नको, खांद्याशी हवा

सायकल चालवताना रेडिओ ऐकावा की नाही, हा वाद निघाला की गाडी हटकून इअरफोनवर येऊन अडते. माझं मत सरळ आहे. इअरफोन नको. दोन्ही कानांत नको आणि "एकाच कानात घालतो हो" हेही नको. मागून येणारी गाडी उजवीकडून येतेय की डावीकडून, हे दोन्ही कानांना ऐकू येणाऱ्या आवाजातल्या फरकावरून कळतं. एक कान बुजवला की ट्रक आहे एवढं समजतं, पण कुठून येतोय ते समजत नाही.

पण रेडिओ जरूर हवा. तळहातात मावणारा, स्वतःचा स्पीकर असलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह (म्हणजे एएम) आणि एफएम दोन्ही लागणारा आणि चकती फिरवून स्टेशन लावायचा साधा रेडिओ. चकती महत्त्वाची, कारण ती न बघता अंगठ्याने फिरवता येते. मोबाइलवर स्टेशन बदलायचं तर नजर रस्त्यावरून हलते. शिवाय मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायरच एरियल म्हणून लागते, म्हणजे फिरून तिथेच आलो.

तो बांधायचा कुठे? बहुतेक जण हँडलला बांधतात आणि तिथेच चुकतात. हँडलपासून कान सहज साठ-सत्तर सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे आवाज वाढवावा लागतो. खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट रेडिओला बसतो. सेलमागची स्प्रिंग दबते, संपर्क क्षणभर तुटतो. चकतीचा रेडिओ नुसता खरखरतो, पण डिजिटल आकड्यांचे बरेच रेडिओ अशा वेळी बंदच पडतात. योग्य जागा म्हणजे पाठीवरच्या सॅकचा डाव्या खांद्यावरचा पट्टा, गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली. इथून कान वीस-पंचवीस सेंटिमीटरवर येतो, दणके शरीर पचवतं, आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांच्या बाजूचा उजवा कान मोकळा राहतो.

बांधायला जुनी ट्यूब उत्तम. दोन सेंटिमीटर रुंदीच्या दोन कड्या कापा, पट्ट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या अडकवा आणि रेडिओ त्यात घट्ट बसवा. स्पीकर झाकला जाता कामा नये. रेडिओ उभाच राहिला पाहिजे, आडवा नाही, आणि त्याचं कारण पुढे येतं. निघण्याआधी स्टेशन नीट लावून चकतीवर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा डकवा, म्हणजे हादऱ्याने काटा सरकत नाही.

आवाज किती? जागेवर उभं राहून मागचं चाक उचला आणि फिरवून सोडा. फ्रीव्हीलची टिकटिक रेडिओच्या वरून स्पष्ट ऐकू आली पाहिजे. तेवढाच आवाज, पुढे वाढवायचा नाही. उतारावर वाऱ्याच्या घोंगाटात निवेदकाचं बोलणं बुडेल, बुडू द्या. उतारावर कान रस्त्यासाठीच हवेत. पहाटे गावातून जाताना आणि अभयारण्याच्या हद्दीत रेडिओ बंद ठेवायचा, यात चर्चेसारखं काही नाही.

आता एफएम की मीडियम वेव्ह? शहरात एफएम, शहर सुटलं की मीडियम वेव्ह. एफएमच्या लहरीची लांबी साधारण 3 मीटर असते. थेट लहर आणि इमारतींवरून उलटून आलेली लहर एकमेकींत मिसळून दर दीड मीटरला आवाज बसतो. ताशी 18 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 5 मीटर, म्हणून उंच इमारतींच्या मधून जाताना सेकंदाला तीनेक वेळा फडफड होते. रेडिओ बिघडलेला नसतो, जागाच तशी असते. डोंगराआड गेलं की एफएम तुटतंच. उलट पुणे आकाशवाणीचं 792 किलोहर्ट्‌झ घ्या. लहर जवळजवळ 380 मीटर लांब, टेकड्यांना वळसा घालून, जमीन धरून लांबवर जाते. दक्षिणेकडे निघालात तर ते क्षीण होत जाईल तसं सांगलीचं 1251 शोधायचं. बोगद्यात मात्र दोन्ही गप्प होतात.

मीडियम वेव्हचं एरियल रेडिओच्या पोटात असतं. पेन्सिलीएवढी काळी फेराइटची (एका चुंबकी पदार्थाची) कांडी आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार. कांडीचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज जातो, कांडीची लांब बाजू स्टेशनकडे आली की परत येतो. रस्ता वळतो तसं स्टेशन कमी-जास्त होतं ते यामुळे. कांडी बहुधा वरच्या कडेला, जमिनीला समांतर असते. रेडिओ कुशीवर बांधला तर ती उभी होते आणि मग कुठल्याच दिशेचं धड लागत नाही. ही कांडी काचेसारखी ठिसूळ असते. रेडिओ पडल्यावर एफएम चालू पण मीडियम वेव्ह मेली असेल, तर बहुतेक वेळा ती मोडलेली असते किंवा तिच्यावरची तार तुटलेली असते.

लांब दांडीचं एरियल सायकलवर उघडू नका. डोळ्याला धोका, आणि ते बुडाच्या सांध्यात मोडतं. पाऊण मीटर मऊ वायर चिमट्याने दांडीला लावा आणि सॅकच्या पट्ट्यावरून पाठीमागे सोडा. वायर सायकलच्या सांगाड्याला चिकटवून नेली तर उपयोग होत नाही.

एकसारखी घरघर येत असेल तर आधी पुढचा एलईडी दिवा बंद करून बघा. स्वस्त दिव्यातल्या आणि पॉवर बँकेतल्या सर्किटचा त्रास मीडियम वेव्हला फार होतो. ब्लिंक मोडवर घरघर दिव्याच्या तालात आली तर चोर सापडला. दिवा आणि रेडिओ यांत अंतर वाढवणं हाच सोपा इलाज.

आणि आता सगळ्यात मोलाची गोष्ट, ज्यासाठी मी मीडियम वेव्हचा एवढा आग्रह धरतो. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या दिवसांत माळरानावरून जाताना काटा 540 ते 600 च्या मधे, जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी आणा. वीज चमकली की तिथे 'कडाक्' असा कोरडा आवाज येतो. ढग अजून क्षितिजावर असतात, गडगडाट ऐकूही येत नसतो, आणि रेडिओ आधीच बोलायला लागलेला असतो. कडाके दाट आणि मोठे होत चालले तर वादळ जवळ येतंय, पक्कं घर गाठायचं, झाड नाही. एफएमवर हे जवळजवळ कळतच नाही. नुसता गडगडाट कानावर यायची वाट बघणाऱ्याच्या हाती वेळ उरत नाही, कारण गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलेलोच असतो. दिव्याची घरघर आणि विजेचा कडाका यांत गल्लत करू नका. घरघर सलग असते, कडाका तुटक.

अंधारात मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं एकमेकांत घुसतात, त्यामुळे पहाटे निघालात तर सूर्य वर येईपर्यंत कालवा राहील. तेवढ्या वेळापुरतं एफएम लावा.

सेलबद्दल. हलक्या आवाजात असा रेडिओ साधारण 30 ते 40 मिलीअँपिअर घेतो, म्हणजे चांगले अल्कलाइन सेल पन्नासेक तास पुरतात. स्प्रिंग थोडी ओढून घ्या आणि झाकणाला आतून तीन-चार मिलिमीटर फोमची पट्टी चिकटवा, दणक्याची खरखर बंद होते. चांदीच्या कागदाचे बोळे कोंबू नका, ते सरकून शॉर्ट करतात. साधे स्वस्त सेल संपल्यावर आत राहिले की पाझरतात आणि पत्र्या खातात.

पावसात रेडिओ पातळ पारदर्शक पिशवीत घालून तोंड गुंडाळा, पातळ प्लॅस्टिकमधून आवाज बऱ्यापैकी येतो. घरी आलं की पिशवीतून लगेच काढायचा, कारण आत घामासारखं पाणी धरतं. सेल बाहेर, झाकण उघडं, आणि दिवसभर सावलीत, पंख्याखाली. उन्हात ठेवला तर स्पीकरचा ओला कागद वाळताना वाकडा होतो आणि मग निवेदक कायमचा नाकात बोलायला लागतो.