वजन जास्त, पांढऱ्या पेशी जास्त, म्हणजे ब्लड कॅन्सर? न्हाई ओ

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, जाड माणसाच्या सीबीसीत (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) पांढऱ्या पेशी 11,000 च्या वर गेल्या की ब्लड कॅन्सरची सुरुवात समजा, आणि वर पांढरा रस्सा बंद करा म्हणून सल्ला (रश्श्याचा काय संबंध, देव जाणे). उगंच घाबरवायचं काम हाय. मोठ्या माणसात साधारण 4,000 ते 11,000 नॉर्मल धरतात आणि लठ्ठपणात आकडा थोडा वर सरकतो हे डॉक्टरांना जुनंच माहिती आहे, कारण चरबी, त्यातल्या त्यात पोटातली, नुसती गप्प पडून राहत नाही, ती इंटरल्युकिन-6, लेप्टिन असली रसायनं रक्तात सोडत राहते, मग अंगात बारीक सूज कायमची राहते आणि बोनमॅरो (हाडातला मगज) जादा पांढऱ्या पेशी बनवतो, बहुतेक न्यूट्रोफिल या प्रकारच्या. वजन उतरलं की बऱ्याचदा आकडाबी उतरतो.

पण "जाड हाय म्हणून असंल" म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका. सिगरेट, स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्फेक्शन, यानंही वाढतात. आकडा लईच वर असला, किंवा ताप, गाठी, विनाकारण वजन उतरणं असलं काय असलं, तर डॉक्टर स्मिअर करून (रक्ताचा थेंब काचेवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली) पेशी कसल्या आहेत ते बघतात. नाहीतर काही आठवड्यांनी परत सीबीसी.